शेवटपर्यंत न ऐकलेला आवाज

मित्रांनो, मी धुळा मेंढक्याचा जुना मोबाईल. माझ्या काचेला तडा आहे आणि मागचं झाकण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेलं आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला माहीत नाही. आटपाडीच्या बाजारात धुळाने मला घेतलं, तेव्हापासूनचं मात्र सगळं लक्षात आहे. विसरणं माझ्या स्वभावात नाही.

चार वर्षं मी त्याच्या बंडीच्या खिशातून रानोमाळ हिंडलो. मग शाळेतल्या संयोगिता मॅडमनी मुलांना घरचे फोन आणायला सांगितले. मुलं धडा वाचून आमच्यात आवाज भरायची आणि आपलंच वाचन ऐकून चुका शोधायची. अशानेच धुळाच्या मुलीचं, मायाचं, वाचताना अडखळणं थांबलं. मॅडम मला गुणी फोन म्हणाल्या. ते माझे सुखाचे दिवस.

पण वर्गात शिवतेज होता आणि त्याच्याकडे नवाकोरा फोन होता. "माये, तुझं डबडं मेंढरांनी चघळलंय व्हय गं?" तो विचारायचा. सगळे हसायचे. कोण कोण हसलं ते मी ध्यानात ठेवलं.

एकदा मॅडमनी घरच्या थोरांच्या कामाची गोष्ट त्यांच्याच आवाजात फोनमध्ये भरून आणायला सांगितली. मायाची आजी तानुबाई आजारी कोकरू कसं जगवलं ते माझ्यापुढे सांगत बसली. शेवटी धुळाने कळपाला बोलवायची हाळी घालून दाखवली. मग मायाला म्हणाला, "उद्या वर्गात ह्ये वाजलं तर फोन तुझ्याकडं. न्हाईतर माझ्या संगं रानात. मला बी लागतोय त्यो."

सकाळी शाळेत मला बाकावर ठेवून माया पाणी प्यायला गेली. तेवढ्यात शिवतेजने तो आवाज आपल्या फोनमध्ये घेतला आणि माझ्यातून पुसून टाकला. माया आली, माझ्यात शोधून शोधून दमली आणि मान खाली घालून बसली.

शिवतेजच्याही घरी मेंढरं होती. "ही माझी आजी," म्हणत त्याने तो आवाज मोठ्या स्पीकरवर लावला. मायाने आपली आजी ओळखली, पण दाखवायला माझ्यात काही उरलं नव्हतं. चोराने शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं. हाळी घुमली. शाळेमागच्या पडीक रानात धुळाचा कळप चरत होता. दीडशे मेंढरं फाटकातून आत घुसली, व्हरांडा भरून थेट वर्गात आली.

मागोमाग धुळा आला. "हा आवाज कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

"माझा. आन् आधीचा माझ्या आईचा. मेंढरांनीच सांगितलं की, बाई."

मॅडमनी शिवतेजला कळप बाहेर काढायला लावलं. तो ओरडला, ढकलून थकला, पण एक मेंढरू हललं नाही. धुळा काठीवर हनुवटी टेकून बघत राहिला. "बोलीवलीस तू, घालव बी तूच, गड्या." वर्ग पोट धरून हसला. ते हसू मला फार गोड लागलं.

मी मायाकडेच राहिलो. शिवतेजने तिची माफी मागितली, तिने दिलीही. मित्रांनो, आमच्याकडून भरपूर शिका. पण ज्याचा आवाज घ्याल त्याचं नाव सांगा, आणि जुन्या फोनला हसू नका. आमच्यात माफीची सोय केलेली नाही. हल्ली शिवतेज मला हातात घेतो, तेव्हा ऐन वाचनात मी बंद पडतो. माया म्हणते, बॅटरी गेली. बॅटरी भरलेली असते.