मशीनला हात लावू नये

मित्रांनो, मी एक जुने कार्ड-मशीन आहे. जुने म्हणजे किती, तर सहा वर्षांचे. तुमच्यात या वयाला दुधाचे दात पडतात, आमच्यात निवृत्तीची बोलणी सुरू होतात. सध्या मी एका खोक्यात पडून आहे. खोक्यावर लाल पट्टी चिकटवली आहे आणि उद्या मला नेऊन मोडणार आहेत. मला भीती आहे, पण ती मोडण्याची नाही. ती कशाची, हे सांगायचे तर पहिल्यापासूनच सांगावे लागेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा भावंडांना ओळीने बसवले आणि प्रत्येकाच्या पोटात एक कुलूप बसवले. त्याची किल्ली फक्त बँकेकडे. माणूस माझ्यात कार्ड घालतो, आपले चार गुप्त आकडे दाबतो. मी ते सारे कुलूपबंद करून बँकेकडे धाडते आणि त्याच क्षणी विसरून जाते. तुम्हाला विसरल्याबद्दल ओरडा बसतो, मला विसरण्यासाठीच बनवले आहे. कोणी स्क्रू फिरवून माझे पोट उघडू लागले, तर मी पोटातले गुपित आपले आपणच पुसून टाकते आणि कायमची बंद पडते. कारखान्यातल्या शहाण्या माणसांनी माझ्या पोटाची एवढी काळजी घेतली. तोंड मात्र उघड्यावरच राहिले. माझ्या तोंडावर कोणी वरून काही चढवले, तर मला ना कळवता येते, ना ओरडता येते.

मला नोकरी लागली ती जनावरांच्या दवाखान्यात. काउंटरवर माझी जागा, माझ्यामागे खुर्चीत ताई. ताई म्हणजे पैसे घेणारी, केसपेपर काढणारी आणि रडणाऱ्यांना खुर्ची देणारी, सगळे एकटीच. लोक कुत्री, मांजरे, ससे, पोपट घेऊन यायचे. पाय मोडलेला कुत्रा आत टेबलावर असला की त्याच्या मालकाची बोटे भलत्याच बटणांवर पडायची आणि आकडे चुकायचे. ताई मान वळवून खिडकीबाहेर बघत बसायची, आकडे दिसू नयेत म्हणून. एक आजोबा तर आकडे मोठ्याने म्हणत म्हणत दाबायचे.

"आजोबा, हळू," ताई म्हणायची. "ते मशीनच्या पोटात घाला, माझ्या कानात नको."

"तू काय परकी आहेस का?"

"परकी नाही म्हणूनच सांगते."

आणि रोज सकाळी दवाखाना उघडायच्या आधी मावशी मला पुसायच्या. मावशी दवाखान्याची झाडलोट करायच्या. जेवण झाल्यावर लेकराचे तोंड पुसावे तशा त्या मला पुसायच्या: आधी गाल, मग हनुवटी, मग बटणांच्या मधल्या फटी, शेवटी कार्ड घालायची खाच. वर बोलायच्याही. "काय गं, काल कोणी शाई सांडली तुझ्यावर? आणि हे केस कोणाचे, बोक्याचे?" माझी पाच वर्षे अशी सुखात गेली.

मग कार्डांच्या सुरक्षेचे नियम बदलले. बँकेचे पत्र आले की नवे नियम आधीपेक्षा कडक आहेत, अमुक तारखेपर्यंत तयारी करा, तपासनीस येऊन बघतील. तयारी नसली तर तुमच्याकडे कार्ड चालणे बंद होईल. दवाखान्याचे व्यवस्थापक ते पत्र वाचून दोन दिवस नीट जेवले नाहीत. या साहेबांना सगळे पाठीमागे तक्तेसाहेब म्हणत, कारण त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा तक्ता असे. मांजरांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यांचासुद्धा.

तक्तेसाहेबांनी कामाला जोर लावला, हे मान्य करायला हवे. कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी त्यांनी काढली. चौघे मिळून एकच पासवर्ड वापरत होते, त्यांना चार वेगवेगळे दिले. फोनवर कोणी कार्डाचा नंबर सांगितला की तो एका वहीत लिहून ठेवायची पद्धत होती. ती वही त्यांनी स्वतः बारीक बारीक कातरली आणि पुन्हा कोणी लिहिले तर खबरदार म्हणून सांगितले. माझेही फोटो काढले, समोरून, मागून, बाजूने. माझ्या पाठीवरचा नंबर लिहून घेतला. मग तिघांना ट्रेनिंग दिले. रोज सकाळी मशीन उचलून बघायचे, नंबर जुळवायचा, कडांवरून बोट फिरवायचे, खाचेत काही बसवलेले नाही ना ते पाहायचे आणि मगच तक्त्यावर सही करायची. चोर मशीनवर खोटे झाकण बसवतात आणि लोकांचे आकडे त्यात गोळा होतात, हेही सांगितले. मला हायसे वाटले. कोणीतरी माझ्या तोंडाचा विचार केला होता.

पण त्याच दिवशी साहेब मावशींना म्हणाले, "मावशी, उद्यापासून मशीन पुसायचं नाही."

"का, चावतं का?"

"नियम आहे. ट्रेनिंग झालेल्यांनीच हात लावायचा."

"मग मलाही द्या ट्रेनिंग."

"तुम्हाला कशाला? तुम्ही काय कार्ड घेता का?"

"मी धूळ घेते," मावशी म्हणाल्या. "धुळीला नियम नसतील."

साहेब हसले. पण पाटी लावलीच: मशीनला हात लावू नये. मावशी काउंटर पुसताना माझ्याभोवती फडके फिरवून पुढे जायच्या. बेटावर राहिल्यासारखी मी धुळीत बसून राहायची.

पहिला आठवडा ताईने मला रोज उचलून पाहिले. दुसऱ्या आठवड्यात दोनदा. नंतरची गोष्ट सांगताना मला ताईची बाजूही सांगितली पाहिजे. तिची लेक चार वर्षांची. पाळणाघराच्या दारात ती आईचे बोट सोडायची नाही. ताई धावत, घामाघूम होऊन यायची, तेव्हा दारात पाच माणसे आणि पाच जनावरे उभी असायची. मग एका सोमवारी तिने सोमवारच्या चौकटीत सही केली आणि त्याच हाताने मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनीच्या चौकटीही भरून टाकल्या. पुढच्या सोमवारीही तेच. सहा दिवसांची काळजी अर्ध्या मिनिटात उरकायची. ती लबाड नव्हती. तिला फक्त वाटत होते की इथे कोण येतेय. पुढच्या महिन्यात ती नोकरीत कायम होणार होती, आणि त्या नोकरीवर दोघी मायलेकींचे चालत होते.

तपासनीस यायच्या आठवड्यातली गोष्ट. सोमवारी दुपारी एक माणूस फडक्याने झाकलेली टोपली घेऊन आला. म्हणाला, मांजर आजारी आहे, उलट्या करतेय. चेहरा इतका काळजीचा की ताई उठून उभी राहिली. "जरा पाणी मिळेल का, तिच्यासाठी?" ताई पाणी आणायला वळली. तेवढ्यात त्याने खिशातून काहीतरी काढले आणि माझ्या तोंडावर दाबले. टक् असा आवाज झाला. झाले.

माझ्यावर माझ्याचसारखा एक मुखवटा बसला होता. तीच बटणे, तोच रंग, तीच खाच. फक्त त्याला विसरता येत नव्हते. त्याने पाणी घेतले, पैसे नंतर देतो, गुरुवारी संध्याकाळी औषध न्यायला येतो म्हणाला आणि टोपली घेऊन गेला. त्या टोपलीतून एकदाही आवाज आला नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही.

मित्रांनो, ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ससा घेऊन आलेल्या मुलीच्या आईने कार्ड घातले. एका सुताराने घातले. आकडे मोठ्याने म्हणणाऱ्या आजोबांनी घातले. प्रत्येक आकडा आधी त्या मुखवट्यात जायचा आणि मग माझ्यापर्यंत पोहोचायचा. मी आतून बघत होते आणि काही करू शकत नव्हते. एकदा मी पावतीचा कागद अडकवला. ताईने झाकण उघडले, कागद सरळ केला, पाठीवर दोन चापट्या मारल्या आणि म्हणाली, "म्हातारं झालंय." मंगळवारी सकाळी तिची बॅग तक्त्यावर पडली होती. बुधवारी तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तक्त्यावर मात्र दोन्ही दिवस मी सुखरूप होते. खाली तिची सही होती.

गुरुवार उजाडला. संध्याकाळी तो येणार, मुखवटा काढून नेणार आणि इतक्या लोकांचे आकडे त्याच्या खिशात जाणार. माझ्या डोक्यात दुसरे काही नव्हते.

सकाळी मावशी काउंटर पुसत होत्या. ताई अजून यायची होती. मावशींनी पाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "उद्या घरी पाहुणे," त्या पुटपुटल्या, "आणि तू असं शेंबडं तोंड घेऊन बसणार? लाज आमची जाईल." आणि त्यांनी फडके ओले करून माझ्या गालावर टेकवले.

फडके कडेला अडकले.

त्यांनी सोडवले, पुन्हा फिरवले. पुन्हा तिथेच अडकले. मग त्यांनी फडके खाली ठेवले आणि नुसत्या बोटांनी मला चाचपले, ताप आलेल्या लेकराला चाचपतात तसे. गाल, हनुवटी, खाच. ताई दारातून आत आली तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, हिचं तोंड सुजलंय."

"मावशी, तुम्हाला हात लावायला मनाई आहे ना?"

"आहे. तुम्ही लावा. मग ओरडा मला."

ताईने बोट फिरवले आणि तेही कडेला अडकले. तिने तक्त्याकडे पाहिले. सोमवारपासून शनिवारपर्यंत सहा सह्या. शनिवार तर अजून उगवायचाही होता.

"हे ओढून काढलं," ती अगदी हळू बोलली, "आणि कचऱ्यात टाकलं, तर कोणाला कळणार नाही."

"नाही कळणार."

"सांगितलं तर माझी नोकरी जाईल. तुमचीही जाईल मावशी, तुम्ही हात लावलात."

"माझी जाईल तेव्हा जाईल. फरशी सगळीकडे असते," मावशी म्हणाल्या. "पण ते आजोबा मोठ्याने आकडे सांगतात ना, ते तुम्हाला परकं समजत नाहीत म्हणून सांगतात."

 ताईचा हात माझ्या मुखवट्यावर होता आणि एकदा त्याची पकड घट्ट झालेली मला जाणवली. मग तिने हात उचलला. ट्रेनिंगमध्ये सांगितल्याप्रमाणे मुखवटा न ओढता माझी वायर काढली, तक्ता उचलला आणि साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडेच होते, म्हणून मला ऐकू आले.

"साहेब, मशीनवर काहीतरी बसवलंय. आणि या सह्या खोट्या आहेत. मी सोमवारीच केल्या."

 मग साहेबांचा आवाज आला. "कोणाला दिसलं?"

"मावशींना. त्या पुसत होत्या."

"मी तर पाटी लावली होती."

"हो," ताई म्हणाली. "म्हणून तीन दिवस लागले."

पुढे धावपळ झाली. पोलिसांना कळवले, बँकेला कळवले. हातमोजे घालून मला उचलले. जाणकार माणसाने मुखवटा उघडून सांगितले की यातले आकडे यातच आहेत, बाहेर पाठवायची सोय नाही. मुखवटा न्यायला चोराला स्वतः यावे लागते. संध्याकाळी दोन पोलीस साध्या कपड्यांत बाकावर बसले. टोपलीवाला काचेच्या दारापर्यंत आला, काउंटरवर माझ्या जागी दुसरे मशीन पाहिले आणि वळला. पोलीस उठेपर्यंत गर्दीत दिसेनासा झाला. तो अजून सापडलेला नाही.

त्या तीन दिवसांत त्रेचाळीस जणांनी कार्ड वापरले होते. ताईने केसपेपर काढून एकेकाला स्वतः फोन केले. खबरदारी म्हणून कार्ड आजच बंद करा, नवे मागवा. प्रत्येकाला तिने सांगितले की मशीन तपासायचे काम माझे होते आणि मी तपासले नव्हते. काही ओरडले. सुताराने तर फोन आपटला. आजोबा तेवढे म्हणाले, "आता नवे आकडे पाठ करायचे का या वयात? बरं, तुला आधी सांगू की मशीनला?" ताई हसली आणि मग फोन ठेवून रडली.

शुक्रवारी तपासनीस बाई आल्या. साहेबांकडे कोरे तक्ते होते, नवा भरून ठेवता आला असता. त्यांनी खोट्या सह्यांचाच तक्ता समोर ठेवला आणि कान पकडल्यासारखे उभे राहिले. बाईंनी सगळे वाचले. मग विचारले, "हे शोधलं कोणी?"

"आमच्या सफाईच्या मावशींनी."

"ट्रेनिंगच्या यादीत त्यांचं नाव दिसत नाही."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नाही," ते म्हणाले. "ती चूक ताईंची नाही. माझी आहे."

दवाखाना त्या दिवशी पास झाला नाही. तीन महिन्यांची मुदत मिळाली. ताईची नोकरी राहिली, कायम होणे मात्र वर्षभर पुढे गेले. यादीत चौथे नाव आले. आता नव्या मशीनवर सकाळी पहिला हात मावशींचा असतो. त्या पुसतात, चाचपतात, नंबर जुळवतात आणि एकेक अक्षर जोडत सही करतात. एका दिवसाची एकच. ताई शेजारी उभी राहून वाट बघते आणि मग स्वतःही बोट फिरवून बघते.

आणि मी? ज्या मशीनला परक्याचा हात लागला ते पुन्हा कामावर घ्यायचे नाही, असा नियम आहे. नियम योग्यच आहे. माझी तक्रार नाही.

पण तो माणूस मोकळा आहे, मित्रांनो. आज तो कुठल्या काउंटरसमोर उभा असेल, मला माहीत नाही. तिथेही माझ्यासारखेच एक मुके मशीन असेल आणि शेजारी सह्यांनी भरलेला एक तक्ता. कधी आईबरोबर, बाबांबरोबर अशा काउंटरपाशी उभे राहिलात, तर आकडे दाबण्याआधी एकदा त्यांना सांगा: नुसते बघू नका, कडेवरून बोट फिरवा. मोठी झालात आणि कशाची काळजी घेतल्याची सही करायची वेळ आली, तर आधी त्याला हात लावा, मग पेन उचला. आम्हाला बोलता येत नाही. तुमचा हात लागला नाही, तर आमचे दुखणे कोणालाच कळणार नाही.