चिल्बोकला कुणी ठेवून घेतलं नाही

सोसायटी म्हटली की तक्रारी आल्याच. वरच्या मजल्यावरची मुलं धावतात, शेजारचा माणूस बाल्कनीत सिगारेट ओढतो, कुणाच्या तरी एका गाडीनं दोन गाड्यांची जागा अडवलेली असते. इंचनमधल्या त्या सोळा मजली सोसायटीच्या ऑफिसात बांग म्योंगसुक अठरा वर्षं हेच ऐकत आली होती. ऐकून घ्यायचं, वहीत लिहायचं, दोन्हीकडच्यांना कॉफी पाजायची आणि प्रकरण थंड करायचं, यात तिचा हातखंडा होता. बाई वाईट नव्हती. तिला फक्त शांतता हवी असायची, आणि त्यासाठी दोघांतला जो मऊ असेल त्याला ती जरा जास्त दाबायची. आपणही बहुतेक जण असंच करतो.

एका सोमवारी रहिवासी समितीचे अध्यक्ष ह्वांगबो साहेब तणतणत ऑफिसात आले.

"म्योंगसुक बाई, बाराशे तीनमध्ये माणूस राहतो की वाघ?"

बाराशे तीनमध्ये योम काका राहायचे. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, एकटे. उमेदीत गोदीवर क्रेन चालवलेले. चार वर्षांपूर्वी एका बंद कारखान्याच्या आवारात कुणीतरी साखळीला बांधून टाकून गेलेलं काळं पिल्लू त्यांना सापडलं होतं. त्यांनी ते घरी आणलं आणि चिल्बोक, म्हणजे सात भाग्यांचा, असं भारदस्त नाव ठेवलं. पिल्लू वाढता वाढता सतरा किलोंचं झालं.

"चावला का कुणाला?" म्योंगसुकनं विचारलं.

"चावेपर्यंत थांबायचं का? लिफ्टचं दार उघडलं की समोर हे धूड! आमची बायको परवा चार मजले जिन्यानं उतरली."

"भुंकतो?"

"भुंकत नाही, हेच तर! नुसता बघतो."

सोसायटीत कुत्री काही कमी नव्हती. पांढरे केसाळ गोळे डोक्याला रिबन बांधून बाबागाडीतून फिरायचे आणि दिवसभर कलकलाट करायचे. खुद्द ह्वांगबो साहेबांच्या सुनेकडे तसले दोन होते. त्यांच्याविरुद्ध वहीत एक ओळ नव्हती. म्योंगसुकला हे दिसत नव्हतं असं नाही; पण अध्यक्षांशी वाकडं कोण घेणार? तिनं सूचना टाइप केली: पंधरा किलोंहून जास्त वजनाचा प्राणी इमारतीत पाळता येणार नाही. कायद्यात असलं काही नव्हतं. पण सोसायटीचा लाल शिक्का बसला की कुठल्याही कागदाला कायद्याचं तोंड येतं.

दुसऱ्याच दिवशी योम काका आले. टोपी हातात धरून उभे राहिले.

"मॅडम, सतरा भरतो तो. वरच्या दोन किलोंचं काय करू? शेपूट कापू?"

स्वतःच हसले. म्योंगसुक हसली नाही.

"काका, माझ्या हातात काही नाही हो."

"टाइप तर तुम्हीच केलंत ना?"

"सांगितलं म्हणून केलं."

काकांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते निघाले. भांडण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि कुत्र्याला सोडण्याचाही नव्हता. त्या दिवसापासून ते कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून चिल्बोकला घेऊन जिन्यानं चढू-उतरू लागले. बारा मजले, दिवसातून दोनदा. नवव्या दिवशी सातव्या मजल्यावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. खालून लोक धावत आले तेव्हा चिल्बोक काकांच्या छातीला पाठ टेकवून बसला होता. कुणावर गुरगुरला नाही. नुसता बघत होता.

काकांची मुलगी देजनहून आली, त्यांना तिकडच्या शुश्रूषा रुग्णालयात घेऊन गेली. चिल्बोक कांगह्वा बेटावरच्या एका प्राणिनिवाऱ्यात गेला. समितीच्या बैठकीत ह्वांगबो साहेब म्हणाले, "चला, प्रश्न आपोआप सुटला."

म्योंगसुकचा मात्र सुटला नाही. काय होतंय ते तिला सांगताही येईना. कॉफी अर्धी प्यायची आणि कप विसरायचा. लिफ्टसमोर उभं राहायचं आणि उगाच जिन्याच्या दाराकडे वळून बघायचं. घर तिचंही त्याच सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी सेबोम व्हँकुव्हरला. त्या दोन खोल्यांत ती येरझाऱ्या घालायची. आपण तर नियमानं वागलो, असं स्वतःला बजावायची. पुन्हा उठायची.

आठ महिन्यांनी ऑफिसात एक ठेंगणी, पासष्टीची बाई आली. बुटांना चिखल, अंगाला ओल्या केसांचा वास. हीच तो निवारा चालवणारी ग्वाक बाई. पूर्वी शाळेत स्वयंपाकीण होती.

"लेकीचं बाळंतपण करायला तुम्ही व्हँकुव्हरला निघालात म्हणे. चिल्बोकची सोबत कराल का? तिकडच्या एका बाईनं त्याला मागितलंय. कागदपत्रं आम्ही करतो. तुमच्या तिकिटावर त्याचा पिंजरा जाईल. उतरल्यावर तिच्या हाती द्यायचा, एवढंच."

"मी? मीच का?"

"घराचं दार तुम्ही दाखवलंत," ग्वाक बाई शांतपणे म्हणाली, "आता विमानाचंही दाखवा."

म्योंगसुकचा चेहरा पडला. "इथं कुणीच नाही का विचारलं त्याला?"

"येतात की माणसं. पहिला प्रश्न, जात कोणती? दुसरा, अजून किती वाढेल? तिसरा विचारायला कुणी थांबत नाही. दुकानाच्या काचेआड मुठीएवढं पिल्लू दिसलं की तिथल्या तिथं उचलतात, आणि तेच वाढलं की सुट्टीत समुद्रावर नेऊन सोडून येतात. एकेचाळीस कुत्री परदेशी पाठवली मी. विमान उडालं की मी दोन मिनिटं हसते आणि मग परतीच्या रस्त्यावर मला स्वतःचा राग येतो. आपल्या अंगणातलं पोर आपल्याला पोसवत नाही, म्हणून जगाच्या दारात नेऊन ठेवायचं. पूर्वी आपण खरी पोरंही अशीच परदेशी दत्तक पाठवली. आता कुत्री पाठवतो."

म्योंगसुक हो म्हणाली. खरं सांगायचं तर तिला वाटलं, एकदा तो समुद्रापार गेला की आपली ही रुखरुख तरी संपेल.

विमानतळावर चिल्बोक पिंजऱ्यात पंजे जुळवून बसला होता. गळ्याभोवतीची कातडी सैल पडली होती. म्योंगसुकनं जाळीशी बोटं नेली; त्यानं ती हुंगली आणि तोंड फिरवलं नाही. तिला तेच जास्त लागलं.

काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. "मालकाचं नाव इथं लिहा."

"मालक मी नाही, मी फक्त..."

"प्रवासात तुम्हीच ना बरोबर? मग तुमचंच नाव."

म्योंगसुकनं लिहिलं. पिंजऱ्याच्या वजनासाठी ग्वाक बाईनं सकाळचा तपासणीचा कागद काढला आणि मोठ्यानं वाचला, "कुत्रा, चौदा किलो आठशे ग्रॅम." मग चष्म्यावरून म्योंगसुककडे पाहिलं. "काकांवाचून नीट खाल्लंच नाही त्यानं. आता बसतो बघा तुमच्या नियमात!"

दहा तास म्योंगसुकचा जीव खालीवर होत राहिला. खाली, सामानाच्या कप्प्यात, तो अंधारात आहे. गारठत तर नसेल? पाणी सांडलं तर? तिनं हवाई सुंदरीला तीनदा विचारलं. जेवण आलं ते तसंच परत गेलं. शेजारचा प्रवासी शेवटी म्हणाला, "आजी, बसा हो जरा. तुम्ही उठलात म्हणून विमान लवकर पोचणार नाही."

व्हँकुव्हरला बाहेर पडली तर पोट सांभाळत सेबोम उभी होती आणि तिच्या शेजारी पन्नाशीची एक बाई. चेहरा अगदी आपल्याकडचा, इंचनच्या बाजारात कुठंही भेटावा असा. म्योंगसुकनं सवयीनं वाकून कोरियनमध्ये विचारपूस केली. बाई नुसती हसली. तिला एक शब्द कळला नव्हता.

"आई, या जोआन," सेबोम म्हणाली. "पाच महिन्यांच्या असताना इकडे दत्तक आल्या. त्यांना आपली भाषा येत नाही. मी सांगते तुला."

जोआन जमिनीवर गुडघे टेकून पिंजऱ्याचं दार उघडत होती. चिल्बोक बाहेर यायला तयार नव्हता. तिनं ओढलं नाही, तिथंच मांडी घालून बसली. थोड्या वेळानं वर न बघताच तिनं काही विचारलं.

"त्या विचारतायत, वाटेत रडला का?"

"नाही," म्योंगसुक म्हणाली. "तो रडत नाही. नुसता बघतो."

सेबोमनं ते सांगितलं तसे जोआनचे हात थांबले. ती बराच वेळ बोलली आणि सेबोम अडखळत सांगू लागली.

"त्या म्हणतात, त्यांची इकडची आई पण हेच सांगायची. सगळी बाळं विमानतळावर रडत होती, ही तेवढी नुसती बघत होती. त्यांनाही अशाच एका प्रवासी बाईनं आणलं होतं. दहा तास मांडीवर घेतलं, इथं हातात दिलं आणि निघून गेली. तिचं नाव कुठल्याच कागदावर नाही. म्हणून त्या तुझं नाव विचारतायत. चिल्बोकसाठी केलेल्या वहीत लिहून ठेवणार आहेत."

म्योंगसुक पिंजऱ्याशेजारी खाली बसली. तिनं नाव सांगितलं. जोआननं ते दोनदा म्हणून पाहिलं. मग तिनं अगदी साधेपणानं आणखी एक प्रश्न विचारला. सेबोमनं खाली बघत तो आईपर्यंत पोचवला.

"त्या विचारतात, इतका गुणी आहे, तर तिकडे याला कुणीच का नाही ठेवून घेतलं?"

सोसायटीचा नियम आहे, घरं लहान आहेत, लोक घाबरतात... सगळी उत्तरं अठरा वर्षांच्या सवयीनं ओठांवर आली. पण समोर जो चेहरा होता त्याला यातलं एकही उत्तर देता येईना! या बाईलाही कुणीतरी असंच काहीतरी सांगितलं असेल. घर लहान आहे. लोक काय म्हणतील. माझ्या हातात काही नाही.

"सांग त्यांना," म्योंगसुक म्हणाली, "मीच नको म्हटलं. तो कागद मी टाइप केला."

जोआन रागावली नाही. सेबोमच्या तोंडून ती म्हणाली, "तिकडून आणलेला हा माझा तिसरा कुत्रा. दरवेळी वाटतं, हा शेवटचा असावा. मला नको आहेत म्हणून नव्हे. पुढच्याला तिथंच कुणीतरी आपल्या भाषेत हाक मारावी म्हणून."

नातवाचं तोंड पाहिलं, सहा आठवडे लेकीला, कोरियात बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचं सूप करून घातलं. पण म्योंगसुकचं चित्त ठिकाणावर नव्हतं. इंचनला परतल्यावर ती आधी देजनला गेली. योम काकांना जोआननं पाठवलेलं चित्रण दाखवलं. समुद्राच्या ओल्या वाळूवर चिल्बोक धावत होता.

"जाड झालाय बेटा," काका म्हणाले. तीनदा बघितलं, मग फोन परत दिला.

"काका, मला माफ..."

"ते राहू दे. माफ करून माझा खुबा जुळायचा नाही. त्या कागदाचं काहीतरी कर. माझ्यानंतर कुणी म्हातारा त्या जिन्यावर नको."

पुढच्या बैठकीत म्योंगसुक कॉफी द्यायला नव्हे, बोलायला उभी राहिली.

"तो पंधरा किलोंचा नियम खोटा आहे. त्याला कायद्याचा आधार नाही. मला माहीत आहे, कारण तो मीच बनवला. त्रास देणाऱ्या कुत्र्याबद्दल जरूर बोलू, मग तो दोन किलोंचा असो की वीस. पण वजनावरून कुणाला घराबाहेर काढायचं नाही!"

ह्वांगबो साहेब उसळले. "बाई, पगार सोसायटीचा घेता हे विसरू नका! माझी बायको त्या जनावराला भिऊन चार मजले..."

"काय हो उगाच!" मागच्या रांगेतून त्यांच्याच सौभाग्यवती उठल्या. "डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून उतरले मी जिन्यानं! त्या कुत्र्याला तर मी रताळं द्यायची. इतके महिने माझं नाव पुढे करताय होय?"

सभागृहात हशा पिकला. पण म्योंगसुकला हसू येईना. एक म्हातारा जिन्यावरून पडला, तो साहेबांच्या बायकोला कुणी एक साधा प्रश्न न विचारल्यामुळे. मतदान झालं. नऊ विरुद्ध सहा. नियम गेला.

आता एक कुत्रा घरी आणायचा, असं ठरवून ती कांगह्वाला गेली. ग्वाक बाईनं सरळ नकार दिला.

"लाज वाटते म्हणून कुत्रा नेऊ नका. लाज महिन्याभरात उतरते, कुत्रा बारा वर्षं जगतो."

"मग काय करू?"

"दर रविवारी या. घाण काढा, पाणी भरा. दोन महिन्यांनी बोलू."

दोन महिने ती गेली. हाताला फोड आले, कंबर धरली. त्या रविवारांत तिला नुरी भेटली: पिवळी, पाच वर्षांची, मागच्या पायानं लंगडी. आलेल्या माणसांकडे ती कधी धावतच नसे, म्हणून तिला कधी कुणी पाहिलंच नव्हतं. नवव्या रविवारी ग्वाक बाईनं न बोलता तिचा पट्टा म्योंगसुकच्या हातात दिला.

घरी आल्यावर नुरीला चैन नव्हतं. भिंतीकडेनं फेऱ्या, दाराशी थांबणं, पुन्हा फेऱ्या. अन्न खायची ते म्योंगसुक खोलीबाहेर गेल्यावरच. सेबोम फोनवर म्हणाली, "आई, नाही रुळली तर?" म्योंगसुक म्हणाली, "मीही या घरात सात वर्षं फेऱ्याच घालतेय. दोघी मिळून घालू."

अकराव्या दिवशी म्योंगसुक जमिनीवर बसून लसूण सोलत होती. नुरी फेरी घालता घालता थांबली. तिनं एक लांब सुस्कारा टाकला आणि म्योंगसुककडे पाठ करून, तिच्या गुडघ्याला टेकून खाली बसली. ज्याच्याकडून भीती नाही, त्याच्याकडेच जनावर पाठ करतं. म्योंगसुकनं लसूण तसाच ठेवला आणि पाय अवघडला तरी तासभर हलली नाही.

मंडळी, घरात मुका जीव आणायचा विचार असेल तर काचेआडच्या पिल्लाआधी निवाऱ्याच्या जाळीमागे एकदा डोकावा. हौस म्हणून नको, दया म्हणूनही नको. त्याच्या म्हातारपणापर्यंत पुरेल इतकी तयारी असेल तरच. आणि ते जमण्यासारखं नसेल, तर निदान जो सांभाळतो आहे त्याच्या वाटेत कागद आडवा घालू नका. 'माझ्या हातात काही नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा कुणाचं तरी घर आपल्याच हातात असतं!