ताईंनी गाळलेला नरक

चर्चच्या मंडळीत सगळे त्यांना हातवाल्या ताई म्हणायचे. तोंडाने बोलायच्या त्या मोजून चार वाक्यं. पण रविवारी पाळकसाहेब प्रवचनाला उभे राहिले की ताईंचे हात जे सुटायचे ते उपासना संपेपर्यंत थांबायचे नाहीत. पाळकसाहेबांच्या उजवीकडे, दोन पावलं मागे, त्यांची जागा ठरलेली. अंगात साधे काळे कपडे, हातात ना बांगडी ना अंगठी, म्हणजे प्रवचनाच्या खुणा नीट दिसाव्यात. आणि हा सगळा खटाटोप कोणासाठी? एका बाईसाठी! पूर्वी ऐकू न येणारे सात जण होते. कोणी गाव सोडून गेले, कोणी देवाघरी गेले. उरल्या त्या दुसऱ्या रांगेतल्या शिवणकाकू.

काकूंचा एकुलता एक मुलगा. एकोणिसाव्या वर्षी भर उपासनेत उठून म्हणाला, "तुमचा देव तुम्हालाच लखलाभ!" आणि तरातरा निघून गेला. वर्षाच्या आत ट्रकखाली सापडला. पश्चात्ताप नाही, प्रार्थना नाही, काही नाही. पाळकसाहेबांना आयतंच उदाहरण मिळालं. माणूस वाईट नव्हता हो, आजाऱ्याच्या उशाशी तासन्‌तास बसणारा. पण देवाच्या क्रोधाचा विषय निघाला की त्यांचा आवाज चढायचा. "याच बाकावर बसणारा एक तरुण! आज कुठे आहे तो? कधी न विझणाऱ्या आगीत!"

हे पहिल्यांदा झालं तेव्हा पोराला मूठमाती देऊन तीनच आठवडे झाले होते. ताईंचे हात आग दाखवायला वर गेले. समोर काकूंचे डोळे, ताईंच्या बोटांवर खिळलेले. आणि ताईंचे हात भलतंच बोलून गेले: देव रागावतो, पण आई रागावते तसा, शेवटचं लेकरू घरी आल्याशिवाय तो दाराला कडी लावत नाही. काकूंच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. झालं! ते हसू पाहिल्यावर पुढच्या खेपेला खरं सांगायची छाती कोणाची होणार? अकरा वर्षं ताई नरक गाळत आल्या.

उपासना संपली की दोघी मागच्या बाकावर चहा घेत तासभर हातांनी गप्पा मारायच्या. काकू पाळकसाहेबांच्या चालण्याची नक्कल अशी करायच्या की ताईंना ठसका लागायचा. आठवड्यातलं ताईंचं खरं बोलणं तेवढंच. बाकीचे दिवस इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीत 'नाव? वय? पुढे सरका.' संध्याकाळी घरी जायचं, आपणच कुलूप उघडायचं, आपणच दिवा लावायचा.

मग पाळकसाहेबांच्या सुनेने हौसेने प्रवचनं फोनवर टाकायला घेतली. ऐकू न येणाऱ्यांची सोय म्हणून खाली अक्षरंसुद्धा! केवढा तो चांगुलपणा. काकूंच्या भाचीने एका दुपारी त्यांना ते लावून दिलं.

त्या रविवारी काकू आल्या नाहीत. ताई हात खाली सोडून तासभर नुसत्या उभ्या होत्या. उपासना संपताच त्या थेट काकूंच्या घरी गेल्या. काकू मशीनवर पडदे शिवत होत्या. त्यांनी सुई थांबवली आणि फोन ताईंपुढे सरकवला.

"हे पाळकसाहेब म्हणाले?" काकूंच्या खुणा तुटक होत्या.

"हो."

"कितीदा?"

"वर्षातून चार-पाचदा."

"म्हणून लोक माझ्याकडे वळून बघायचे! मला वाटायचं, काहीतरी चांगलं चाललंय. मी हसायचे. अगं, माझ्या लेकाला आगीत लोटत होते आणि मी सगळ्यांसमोर दात काढत बसले होते!"

हे ताईंच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. काळजाच्या जागी दगड आहे, असं बायका काकूंबद्दल का कुजबुजतात, त्यांच्या शेजारी कोणी का बसत नाही, ते त्यांना आत्ता कळलं.

"मला वाटलं, तुम्हाला सोसणार नाही."

"मी त्याला पुरलं, पोरी. सोसायचं काय राहिलं होतं?" काकूंनी फोन पालथा ठेवला. "एक सांग. ती आई, ते दार. नुसत्या थापा मारल्यास, की तुला खरं वाटतं?"

ताईंनी हे स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. त्यांचे वडीलही पाळक. आगीच्या धाकातच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या.

"खरं वाटतं. देवाचा राग संपेल, माया संपायची नाही. शेवटी तो एकालाही टाकणार नाही."

"मग मला कशाला सांगत बसलीस? ज्यांना ऐकू येतं त्यांना सांग की!"

पुढच्या रविवारी काकू आपल्या जागी येऊन बसल्या. साक्षीची, म्हणजे कोणीही उठून आपला अनुभव सांगायची, वेळ झाली तेव्हा ताई दोन पावलं पुढे आल्या. हातांनी आणि तोंडाने एकदम बोलताना त्यांचा आवाज चिरकत होता. अकरा वर्षं काय गाळलं ते त्यांनी सांगितलं. आणि आपण गाळून जे सांगितलं त्यावर आपला विश्वास आहे, देव शेवटी सगळ्यांना घरी आणेल, काकूंच्या मुलालाही, असं त्या म्हणाल्या.

पाळकसाहेब ओरडले नाहीत. "ताई, तुमची माया मला कळते. पण ज्याने देवाला नको म्हटलं त्याला देवाने फरफटत आणायचं का? मी मऊ बोललो आणि त्यापायी एक जरी जीव बुडाला, तर जाब मला द्यावा लागेल. तो मुलगा नरकात आहे. आणि पुढच्या रविवारपासून तुम्ही इथे उभं राहायचं नाही."

काकूंनी दुसऱ्या रांगेतून विचारलं, "काय म्हणाले?"

या वेळी ताईंनी काहीही गाळलं नाही. फरफटत आणणं, जाब, नरक, सगळं सांगितलं. तुमचा मुलगा तिथे आहे असं ते म्हणतात, हेही सांगितलं. काकूंनी शेवटपर्यंत पाहिलं आणि मग त्या रडल्या. आपला आवाज केवढा निघतोय हे त्यांना कुठून कळणार? सगळं सभागृह दणाणलं.

आधी एक म्हातारी उठली, मग तिची सून, मग रांगच्या रांग. कोणी काकूंना मिठीत घेतलं, कोणी पदराने त्यांचे डोळे पुसले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या शेजारची जागा भरली. ताईंनी खुणेने विचारलं, "काकू, बऱ्या आहात ना?" पण मधे इतकी माणसं होती की काकूंना त्यांचे हात दिसलेच नाहीत. ताईंकडे कोणी आलं नाही. त्यांनी आपली पिशवी उचलली आणि त्या बाजूच्या दाराने बाहेर पडल्या.