गळ्यावरचा हात

आमच्या कॉलेजात निबंध तपासून घ्यायचा, तर आधी घरी भांडण उकरून काढावं लागे. निबंधाच्या सरांना आम्ही ‘तराजू’ म्हणायचो. विषय वादाचा घ्यायचा, सगळ्या बाजू मांडायच्या, आणि जी बाजू आपल्याला पटत नाही ती त्या बाजूच्या जिवंत माणसाला वाचून दाखवायची, असा त्यांचा नियम. “हो, माझं म्हणणं हेच,” असं तो माणूस म्हणाला, तरच निबंध त्यांच्या टेबलावर. “आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असले निबंध मला नकोत,” ते म्हणायचे.

मी विषय घेतला: ऐकू न येणाऱ्या मुलांना तोंडाने बोलायला शिकवावं, की हातांच्या खुणांनी? माझं मत ठरलेलं होतं, खुणाच. माझ्या थोरल्या भावाला जन्मापासून ऐकू येत नाही. आणि विरुद्ध बाजूचं जिवंत माणूस आमच्याच स्वयंपाकघरात होतं.

दादाला आईने बोलायला शिकवलं. ‘प’ आणि ‘ब’ ओठांवर सारखेच दिसतात, फरक गळ्यात, ‘ब’ म्हणताना तो थरथरतो. म्हणून ती त्याचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवून ‘ब’ म्हणायची, मग आपला हात त्याच्या गळ्यावर ठेवून त्याच्याकडून म्हणवून घ्यायची. भाजी शिजत टाकून हे चालायचं, आणि भाजी हमखास करपायची. करपल्याचा वास आला की अजूनही मला ते दोघं समोरासमोर बसलेले दिसतात, आणि जीव हळवा होतो. पण घरात खुणांना बंदी होती. जेवताना दादाचा हात उठला की आई तो धरून खाली ठेवायची. मग आम्ही भावंडं टेबलाखाली बोलायचो.

पहिला खर्डा वाचून दाखवला तेव्हा आई इस्त्री करत होती. काही आयांना लोकलाजेपायी आपलं मूल चारचौघांसारखं दिसावंसं वाटतं, असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. आईने इस्त्री उभी करून ठेवली.

“कोण गं ही बाई? माझ्या ओळखीची नाही.”

“मग तुझं काय ते तू सांग.”

“आजवर विचारलंस कधी?”

आता विचारलं. लोकांची तिला काडीची पर्वा नव्हती. तिला धास्ती होती ती तिच्यामागे काय होईल याची. “उद्या मी नसेन, तू तुझ्या घरी जाशील. त्याच्या पोटात दुखलं, तर डॉक्टरला त्याच्या खुणा कळणार आहेत का? बोलणाऱ्याची बोरंही विकतात गं, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. मला काय त्याचे हात धरायची हौस आहे?”

मी ते जसंच्या तसं उतरवलं. लिहिता लिहिता मीच हरतेय असं वाटायला लागलं, आणि त्याचा रागही आला. दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं, तर आईने पदराने डोळे टिपले. “हो, हे माझं,” म्हणाली. काम फत्ते म्हणून मी कागद आवरायला घेतले.

“आणि त्याचं?” तिने विचारलं.

निबंधात डॉक्टरांचं म्हणणं होतं, दादाच्या शाळेतल्या बाईंचं होतं, आईचं होतं, माझं तर पानोपानी होतं. दादाचं कुठेच नव्हतं.

“त्याची बाजू म्हणजे माझीच की,” मी म्हणाले.

“माझीही इतकी वर्षं तीच समजूत होती,” आई म्हणाली.

दादा तेव्हा छापखान्यात कामाला होता. मशीनच्या धडधडीत तिथे सगळेच खुणांनी बोलत, त्यामुळे तिथला सगळ्यात बडबड्या माणूस तोच. संध्याकाळी तो हातांची शाई धुऊन जेवायला बसला. आईने ओठ नीट दिसतील असं तोंड वर करून विचारलं, “तुला काय हवं होतं? बोलणं की खुणा?”

“आई, मला...” तो तोंडाने सुरू झाला आणि अडखळला. त्याचे हात उठले, आणि सवयीने त्याने आईकडे पाहिलं. आईने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले.

मग तो सुटलाच. त्याचं बोलणं आईला सांगता सांगता मला धाप लागली. तो म्हणत होता, तोंडाने बोलताना शब्द नीट निघतोय ना, एवढंच डोक्यात असतं, म्हणायचं ते राहून जातं. मित्रांत मला विनोद सुचतात, घरी फक्त टेबलाखाली सुचतात. पण माझा हात तिच्या गळ्यावर असताना ती हसायची, ते मला कोणी परत देणार असेल, तर सगळी अक्षरं मी पहिल्यापासून शिकेन.

आई टक लावून बघत होती. “हा मधूनमधून गळ्यावर हात का ठेवतोय?”

“ते तुझं नाव आहे, आई. खुणांमध्ये प्रत्येक माणसाला एक नाव असतं. हे त्याने शाळेत असतानाच ठेवलं. त्याचे सगळे मित्र तुला याच नावाने ओळखतात.”

 आईने भीतभीत आपला तळहात आपल्या गळ्यावर ठेवला आणि दादाकडे पाहिलं. तो पुढे वाकला आणि तिचा अंगठा जरा सरळ केला. लहानपणी ती त्याचे ओठ बोटाने असेच नीट करायची.

माझ्या निबंधाला निष्कर्ष नव्हता. तराजू सरांनी त्याचे गुण कापले, आणि मी महिनाभर त्यांच्यावर धुसफुसत होते. पुढे बऱ्याच वर्षांनी, आईच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांशी सगळं बोलणं दादानेच केलं, तोंडाने, एकदाही न अडखळता. मग तिच्या खाटेशी बसून त्याने ते तिला हातांनी सांगितलं. मला मध्ये पडावं लागलं नाही.