तीन नंबरच्या दारातल्या चपला

नवं सॉफ्टवेअर बसवलं त्याच दुपारी तीन नंबरचं चेंबर लांबलं. लांबलं म्हणजे लांबलंच. बाहेरून कोल्ड स्टोरेज होतं तेवढंच होतं, मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली इलाही मुकादमाची सायकलसुद्धा जागची हलली नव्हती. पण दारात उभं राहून आत बघावं तर शेवटची भिंत दिसेना. इलाही ऑफिसात आला, डोक्याचं फडकं सोडून घाम पुसला आणि म्हणाला, "वैजूताई, तीन नंबर वाढलंय."

धनपालशेठ सोफ्यावर बसून चहा पीत होते. ते म्हणाले, "वाढलंय तर वाढू दे की. माल जास्त बसंल."

शेठचं बरोबरच होतं म्हणा. ज्याच्या मालकीचं चेंबर, त्याला ते वाढल्याचं दुःख कशाला होईल? फक्त तेव्हा आण्णा आत होते.

आण्णा म्हणजे वैजूचे वडील, भूपाल मगदूम. तासगावच्या रस्त्यावर हे कोल्ड स्टोरेज उभं राहिलं तेव्हापासून बेदाण्याची चेंबरं त्यांच्याच ताब्यात. कुणाच्या पेट्या कुठल्या रांगेत, हे ते झोपेतही सांगतील. आता दम्याने छाती भरते, गुडघे कुरकुरतात, पण घरी बस म्हटलं की म्हातारा असा काही बघतो की सांगणाऱ्यानेच खाली बसावं. लेक तिथेच ऑफिसात कॉम्प्युटरवर. सकाळी बापलेक एकाच स्कूटीवर येत आणि संध्याकाळी एकाच स्कूटीवर जात. आई गेल्यापासून घरात दोघंच.

चेंबरचा एक नियम होता आणि तो आण्णांनीच घातलेला. आत जायचं तर चपला दाराबाहेर काढायच्या आणि गमबूट घालायचे. दारात चपला दिसल्या की माणूस आत आहे असं समजायचं आणि दाराला हात लावायचा नाही. फार वर्षांपूर्वी एक हमाल आळस करून चपलांसकट आत गेला, मागून कुणीतरी दार ओढलं. सकाळी त्याला बाहेर काढला तेव्हा जीव वाचला, पायाची बोटं मात्र गेली. त्यानंतर खाली बघितल्याशिवाय आण्णांनी कधी दार लावलं नाही. हाक मारायच्या भानगडीत ते पडत नसत. आत पंख्यांची घरघर एवढी, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येईना. ते म्हणायचे, "हाक खोटी पडंल पोरी, चपला खोट्या पडत न्हाईत."

आता सॉफ्टवेअरचं ऐका. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फॉर्म बदलायचा तर आधी तो बंद करावा लागे. मग नुसत्या चौकटी दिसत, रिकाम्या, आत नाव ना गाव. हवी ती चौकट उचला, हवी तिथे ठेवा, कुणाचं काही बिघडत नसे. चौकटी हलवायची हत्यारंही सगळी डाव्या हाताला, एका छोट्या पट्टीत. वैजूचा हात न बघता तिथे जायचा. स्वयंपाकघरात आपला हात मिठाच्या डब्यावर जातो तसा. नव्यात ती पट्टीच गायब. हत्यारं वर कुठे कुठे पांगलेली, काहींची नावं बदललेली, आणि चौकटी सगळ्या एकमेकींना बांधलेल्या; एकीला ओढावं तर बाकीच्या हलायच्या. बसवायला आलेला माणूस मोठ्या कौतुकाने म्हणाला होता, "ताई, आता फॉर्म बंद करायची गरजच नाही. माहिती आत असतानाच चौकटी हलवा की!"

वैजूने तेच केलं. चार चेंबरांच्या चार चौकटी आणि कडेला ऑफिसची एक, असा तो फॉर्म. तीन नंबरच्या चौकटीत येळावीच्या जनगोंडा सातगोंडा पाटलांचा लॉट होता, पण चौकट अरुंद, त्यामुळे नुसतं 'जनगोंडा सात' एवढंच दिसायचं. शेठ वैतागले, "हे सात काय गं? रुंद कर ती चौकट." तिने कड पकडली आणि ओढली. त्याच लॉटची नमुन्याची पेटी आणायला आण्णा थोड्या वेळापूर्वी आत गेले होते. लॉट अगदी शेवटच्या भिंतीला होता.

वैजू धावत तीन नंबरच्या दाराशी गेली. उंबऱ्याबाहेर आण्णांच्या चपला होत्या, अंगठा झिजलेल्या, नेहमीसारख्या भिंतीकडे तोंड करून. आत अंधार, गारठा आणि बेदाण्याचा गोडसर वास. दोन्ही बाजूंना पेट्यांच्या थप्प्या लांबच लांब गेलेल्या, आणि त्या सगळ्याच्या पार टोकाला आण्णांच्या बॅटरीचा उजेड. हळूहळू पुढेच चाललेला. आण्णा कधी रिकाम्या हाताने परत आले नव्हते. भिंत येईपर्यंत ते चालणार होते आणि भिंत काही येणार नव्हती.

"मी आणतो की," इलाही म्हणाला. चपला काढून आण्णांच्या चपलांशेजारी ठेवल्या, गमबूट चढवले आणि आत गेला. बऱ्याच वेळाने परतला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"आण्णा दिसत्यात," तो म्हणाला. "पण जवळ येईनात. मी चाललो तेवढं ते फुडं."

"हाक मारायची ना!"

"पंखं चालू हायती ताई. कुणाला ऐकू जातंय?"

"मग पंखे बंद करा."

"बटण तर त्या शेवटच्या भिंतीवर हाय," इलाही म्हणाला आणि आपल्या चपला घालून बाजूला झाला.

वैजू ऑफिसात परत आली तेव्हा सोफा दिसेना. तीन नंबर वाढलं तेवढं ऑफिस आखडलं होतं. समोरची भिंत शेठच्या गुडघ्यांना येऊन टेकली होती. शेठ तिरके होऊन उठले, कप खिडकीत ठेवला आणि म्हणाले, "सौद्याला उशीर व्हायलाय. इलाही, चल, माणसं घे." वैजू म्हणाली, "शेठ, आण्णा आत आहेत." शेठ म्हणाले, "येतील की गं. जुना माणूस आहे, त्याला काय रस्ता ठाऊक नाही?" गाडी गेली. हमालही गेले. आता म्हातारा आत, पोरगी बाहेर आणि मधे ते एवढं मोठं चेंबर. असल्या वेळी माणसं कशी नेमकी पांगतात बघा!

तिने चौकटीची कड उलटी ढकलली. कड तसूभरही हलली नाही. 'मागे फिरा'चा बाण जुन्या जागी नव्हता. नव्या जागी सापडला तर तो फिकट, दाबून उपयोग नाही. चौकटीत बघितलं तर जनगोंडा पाटलांच्या नावानंतर बरीच कोरी जागा, आणि तिच्या पार शेवटी बारीक अक्षरात 'भूपाल मगदूम'. हे तिने लिहिलं नव्हतं. तिने एक नंबरची चौकट लहान करून बघितली. तीन नंबर आणखी रुंद झालं, नाव आणखी लांब गेलं, आणि पाठीमागची भिंत खुर्चीला येऊन लागली. तिने घाबरून माउस सोडून दिला. देवा, मी हे काय करून बसले, असं ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

फोन टेबलावर ठेवून तिने मदतीचा नंबर लावला. पलीकडे पुण्याचा कुणी नम्र माणूस होता.

"बोला मॅडम."

"तीन नंबरची चौकट लहान होत नाहीये."

"चौकटीत माहिती आहे का मॅडम?"

"माझे वडील आहेत."

"बरोबर. मग लहान होणार नाही. आतल्या माहितीपेक्षा चौकट लहान होत नसते."

"आधी होत होती हो!"

"आधी तुम्ही फॉर्म बंद करून करत होता मॅडम. आता बंद करायची सोय काढलेली आहे. बऱ्याच जणांना पहिले काही दिवस जड जातं, नंतर सवय होते."

वैजू उठली, भिंत आणि टेबल यांच्यातून कशीबशी निघाली आणि पुन्हा तीन नंबरच्या दाराशी जाऊन आली. बॅटरीचा उजेड आता पुढे जात नव्हता. तो खाली, फरशीच्या जवळ होता. आण्णा खाली बसले होते. छाती भरली की ते असे बसतात आणि मग कुणीतरी पाठ चोळावी लागते. वैजूला रडू फुटलं. लहानपणी देवाच्या जत्रेत आण्णांचं बोट सुटलं होतं तेव्हा ती अशीच रडली होती, तोंड उघडं टाकून.

"हॅलो, आहात का?" ती फोनवर म्हणाली. "त्यांना बाहेर काढायचं काहीतरी सांगा. काही असू दे."

"ती नोंद दुसऱ्या चौकटीत हलवता येईल. उचलून ऑफिसच्या चौकटीत टाका. फक्त तिथे काही असेल तर ते तीन नंबरमध्ये जाईल. एका चौकटीत माणसाची एकच नोंद राहते."

वैजूने ऑफिसच्या चौकटीकडे बघितलं. तिथे लिहिलेलं होतं, 'वैजयंता भूपाल मगदूम'.

भीती वाटली, हे सांगायलाच हवं. पण मग तिने मनाशी मांडलं: मी तरणी आहे, मला दमा नाही. दार उघडंच आहे, दारातला उजेड बघत बघत चालत येईन, वेळ लागेल एवढंच. आणि आण्णा बाहेर आले म्हणजे सगळं आलं. ते दार लागू देणार नाहीत. आजवर त्यांनी कधी माणूस आत असताना दार लावलंय का?

"चालेल," ती म्हणाली.

"सेव्ह करायला विसरू नका मॅडम. अजून काही मदत?"

तिने वडिलांचं नाव उचललं. ते माउसला जड लागलं. चौकटीमागून चौकट ओलांडत तिने ते ऑफिसपर्यंत आणलं आणि सोडलं.

गारठा एकदम अंगावर आला. खुर्ची नव्हती, टेबल नव्हतं, फोन नव्हता. चहूकडून पंख्यांची घरघर. पायाखालची फरशी अजून जरा कोमट होती. आण्णा तिथेच बसले असणार. पार पलीकडे, बोटाच्या नखाएवढं, उघडं दार दिसत होतं. वैजू पळत सुटली. थप्प्यांमागून थप्प्या मागे पडत होत्या, त्यांच्यावरची नावं आधी पुरी होती, मग अर्धी, मग दोनदोन अक्षरांची. दार मोठं होत होतं. हळू, पण होत होतं. नखाएवढा उजेड बोटाएवढा झाला, मग हाताएवढा. तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात ऑफिसाकडून दारात आण्णा आले.

ते आण्णाच होते, वाकलेले, छातीवर हात ठेवून धापा टाकणारे, पण उभे. वैजूला इतका आनंद झाला की ती पळता पळता हसली. "आण्णा!" ती ओरडली. "आण्णा, मी इकडं हाय!" तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

आण्णांनी दाराच्या चौकटीला धरून एकेक गमबूट काढला. वाकून आपल्या चपला ओढल्या, पायांत सरकवल्या. मग कंबर सरळ करून आत एकदा बघितलं. आत अंधार होता आणि त्यांचे डोळे काही पूर्वीचे राहिले नव्हते. पोरगी कुठे दिसत नाही म्हणजे चहाला गेली असेल, असं त्यांना वाटलं असणार. मग त्यांनी आयुष्यभर बघत आले तसं खाली बघितलं.

उंबऱ्याबाहेर फरशी रिकामी होती.

वैजूने पळता पळता आपल्या पायांकडे बघितलं. पायांत चपला होत्या, सकाळी घरून घालून आलेल्या, निळ्या पट्ट्यांच्या. ऑफिसात बसणाऱ्या बाईला गमबूट घालायची आठवण कोण करून देणार?

"आण्णा, चपला माझ्या पायात हायती! आण्णा!"

आण्णांनी दाराच्या कडीला हात घातला आणि दोन्ही पाय रोवून ते जड दार ओढायला सुरुवात केली. वैजू थांबली, उजव्या पायातली चप्पल काढली आणि जीव खाऊन दाराकडे फेकली. चप्पल पडली, उताणी झाली आणि गार फरशीवरून घसरत निघाली. दारातून आत आलेली उजेडाची पट्टी बारीक होत चालली होती. आण्णांची मान खाली होती, आणि चप्पल अजून घसरत होती.