दिपालीचा डावा डोळा

मी एक जुनी रिक्षा आहे. पूर्णा गावात एका गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून उभी असते. टपाचं कापड फाटलं आहे आणि पुढच्या चाकात हवा नाही. मित्रांनो, मी फार थकले आहे. तरी एका मुलीची गोष्ट सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

हिरामणने मला घेतलं तेव्हा गावातल्या भातशेतीवर गोदामं उभी राहिली होती आणि त्याला स्वतःचा असा धंदा हवा होता. रोज सकाळी तो मला पुसायचा. नाक्यावरचे रिक्षावाले म्हणायचे, हिरामणची रिक्षा नवरीसारखी नटलेली असते. ते कौतुक फार दिवस टिकलं नाही. दापोड्याच्या रस्त्यावरचे खड्डे आणि कंटेनरची धूळ यांनी माझी हाडं लवकरच खिळखिळी केली.

दिपाली ही हिरामणच्या बहिणीची मुलगी. आधी तिचे वडील गेले, मग आई. हिरामण तिला माझ्यातूनच घरी घेऊन आला. तेव्हा ती मनिषामामीच्या मांडीवर झोपलेली होती. आईकडून जन्मासोबतच तिला एचआयव्हीची लागण झाली होती. त्यात त्या लेकराचा काय दोष? सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळत. त्या रोज घेतल्या की शरीरातला विषाणू दबून राहतो, मूल शाळेत जातं, खेळतं, वाढतं. दिपालीही तशीच वाढली.

पण हिरामणला गावाची भीती वाटे. घरात शेजारणींची सतत ये-जा, शिवाय त्याची स्वतःची पोरं विचारणार, ही कसली गोळी? म्हणून गोळी माझ्यात दिली जायची. शाळेच्या वळणाआधी तो मला बाजूला घ्यायचा, गोळी आणि पाण्याची बाटली मागे द्यायचा आणि कोणी येतंय का म्हणून रस्त्याकडे बघत राहायचा. दिपालीने विचारलं, तर रक्त वाढायची गोळी आहे, एवढंच सांगायचा.

नववीत गेल्यावर तिने विचारणंच सोडलं. गोळी ती गालात धरून ठेवायची, मामाची पाठ वळलेली असायची तेवढ्यात तोंडातून काढायची आणि माझ्या मागच्या सीटच्या फटीत ढकलायची. मला ते कळत होतं. पण मला कुठं तोंड आहे? एक हॉर्न आहे, तोही दुसऱ्याच्या हाताने वाजतो.

पावसाळा सरता सरता दिपालीचं कपाळ दुखू लागलं. मग डाव्या भुवईच्या वर पाण्याने भरलेले फोड उठले आणि त्यांची आग होऊ लागली. शेजारीण म्हणाली, ही नागीण आहे, तिचं डोकं आणि शेपूट जुळलं की माणूस जातो.  मनिषामामी दवाखान्यात चला म्हणत होती. हिरामणला वाटलं, गावच्या डॉक्टरने आधीचा आजार विचारला तर काय सांगायचं? म्हणून तो पोरीला खाडीपलीकडे बाळारामकडे घेऊन गेला. बाळाराम फोडांना गेरूचा लेप लावायचा आणि मंत्र म्हणायचा. दोन-तीन फेऱ्या झाल्या. माझा प्रत्येक हादरा तिच्या कपाळात जात होता. ती ओरडत नव्हती, नुसती सीटपुढचा दांडा घट्ट धरून बसायची. मग नाकाच्या शेंड्यावर फोड आला आणि दुसऱ्या दिवशी डोळा मिटला तो उघडेना. तेव्हा कुठे हिरामणने मला सरकारी दवाखान्याकडे वळवलं.

तिला दाखल करून घेतलं. संध्याकाळी मामीला डबा घेऊन नेताना हिरामण डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगत होता. नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण तो शिरांमध्ये लपून राहतो. एचआयव्हीने अंगातली ताकद खाल्ली की असे दुसरे विषाणू डोकं वर काढतात. मंत्राने तो जात नाही, त्याचं औषध वेगळं असतं आणि ते लगेच सुरू करावं लागतं. डोळ्यापर्यंत पोचल्यावर उशीर चालत नाही. गोळ्या चुकल्या का, असंही बाईंनी विचारलं होतं. हिरामणने देवाची शपथ घेऊन नाही म्हणून सांगितलं होतं.

सकाळी मला धुताना त्याने मागची सीट उचलली. खाली धुळीत गोळ्या पडल्या होत्या, काही विरघळून पत्र्याला चिकटलेल्या. तो हातातलं फडकं टाकून तिथंच खाली बसला. मला वाटलं, आता ही पोर मार खाणार.

दिपालीला दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी त्याने मला खाडीच्या पुलाअलीकडे थांबवलं आणि तो मागे तिच्या शेजारी येऊन बसला. एवढ्या वर्षांत तो कधी मागच्या सीटवर बसला नव्हता.

“तुज्या आयशीला जो आजार होता, तोच तुला हाय,” तो म्हणाला. “त्याच्या गोल्या हायत त्या. मी खोटा बोललो तुला.”

 दिपालीच्या डाव्या डोळ्यावर पट्टी होती.

“मला नाव माहीत नव्हतं, मामा,” ती म्हणाली. “पण तू रोज रस्त्याकडे बघायचास. चोरून खायची गोष्ट चांगली कशी असेल? मला वाटलं, टाकली की मी बाकीच्या पोरींसारखी होईन.”

हिरामण रडला. मग तिने त्याला, आता घरी चल, मामी वाट बघत असेल, असं सांगितलं.

डोळा वाचला, पण पूर्ण नाही. बुबुळावर ढगासारखा पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने तिला फक्त उजेड आणि हलणारी माणसं कळतात. आता ती गोळी घरी घेते, ओट्यापाशी उभी राहून, सगळ्यांसमोर. मनिषामामीने आपल्या पोरांनाही नीट समजावलं. शेजारीण काही दिवस आली नाही, नंतर यायला लागली.

माझ्या धावण्याच्या शेवटच्या दिवसांतलं एक आठवतं. दिपालीला घेऊन दवाखान्यातून परतताना पडघ्याची एक बाई तिच्या लहान मुलीला घेऊन माझ्यात बसली. कल्याण नाक्यावर उतरून तिला पुढची गाडी धरायची होती. बाईच्या पिशवीत दिपालीसारख्याच गोळ्या होत्या. मुलीने पिशवीकडे बोट दाखवून विचारलं, हे कसलं औषध? बाई म्हणाली, ताकदीचं. दिपालीने तिच्याकडे तोंड वळवलं.

“काकी, तिला खरं सांगा. एकदम नको, थोडं थोडं सांगा. पण खरं सांगा.”

बाईने दिपालीच्या डोळ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नाका आला तरी ती उतरली नाही. हिरामणनेही घाई केली नाही. शेवटी तिने मुलीला मांडीवर ओढून घेतलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगायला लागली.

मित्रांनो, मला धुऊन-पुसून ठेवा असं मी म्हणत नाही, माझं काम संपलं. एवढंच सांगते, तुमच्या वर्गात, तुमच्या बाकावर असं एखादं मूल असेल. त्याच्या शेजारी बसल्याने, त्याच्या डब्यातलं खाल्ल्याने तुम्हाला काही होत नाही. त्याला चोरून जगायला लावू नका. तुम्ही शेजारी बसलात, तर त्याच्या घरच्यांना रस्त्याकडे बघत बसावं लागणार नाही.