पिवळा नेमका कोण?

मी टॅब बोलतोय. तोच तो, पिवळ्या पडद्याचा. आता मी खरंच पिवळा आहे का, हे मात्र मला विचारू नका. मला आरशासमोर कधी कुणी धरलंच नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा आपल्यात काही खोट असेल असं मनातही आलं नव्हतं. दुकानात माझ्या शेजारी आमच्याच कंपनीचं पुढचं मॉडेल ठेवलं होतं. दोघांच्या पडद्यावर एकच चित्र, बर्फाचा डोंगर. गिऱ्हाईकं वाकून बघायची. एक म्हणायचा, "याचा बर्फ पिवळट आहे." दुसरा म्हणायचा, "छे, त्याचाच निळसर आहे." दुकानदार जांभई देत सांगायचा, "मॉडेल बदललं की रंगात थोडा फरक यायचाच. बिघाड नाही तो." म्हणजे मी बिघडलेला नव्हतो, आणि बरोबर आहे असंही कुणी म्हणत नव्हतं. तेव्हा डोक्यात जो गोंधळ सुरू झाला, तो आजतागायत चालूच आहे.

एका जोडप्याने आम्हा दोघांनाही घेतलं. निळसर भाऊ त्यांच्याकडे राहिला आणि मला बायकोच्या आईकडे, दूरच्या गावी पाठवलं. मी तिला आजी म्हणतो, कारण लवकरच ती आजी होणार होती. लेकीच्या बाळंतपणाला जायची तिची बॅग भरून तयार होती आणि नेमका न्हाणीघरात पाय घसरला. पाय प्लास्टरमध्ये, बॅग कोपऱ्यात आणि आजी पलंगावर. हातात मी.

तिने जुन्या मऊ पांढऱ्या चादरीचे दोन तुकडे केले होते. एकाचं दुपटं शिवून लेकीकडे पाठवलं. उरलेल्या तुकड्याने ती मला पुसायची. बाई फार टापटिपीची.

बाळ झालं. ते घरी आलं आणि व्हिडिओ कॉल सुरू झाले. पहिल्याच दिवशी आजी म्हणाली, "अगं, पिवळा दिसतोय गं हा."

"आई, तुझा टॅबच पिवळा आहे," लेक थकल्या आवाजात म्हणाली. "मीसुद्धा तुला पिवळीच दिसत असेन."

"दिसतेस खरी."

जावई मागून हसला. "आई, सेटिंगमध्ये रंगाची पट्टी आहे बघा. ती निळ्याकडे सरकवा, म्हणजे काळजी मिटेल."

आजीने पट्टी सरकवली आणि काय सांगू, बाळ एकदम गुलाबी झालं! आजीने मला थोपटलं. "शहाणा गं बाई माझा टॅब." जन्मात पहिल्यांदा कुणी माझं कौतुक केलं होतं. मी हुरळून गेलो. पण मनात खुटखुट राहिलीच. मघाशी दाखवलं ते खोटं, तर मग आता दाखवतोय ते खरं कशावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ दुपट्यावर झोपलेलं होतं. लेक कौतुकाने म्हणाली, "किती गुणी आहे बघ. रडत नाही की काही नाही. दूध प्यायलासुद्धा उठत नाही."

आजी मला पुसत होती. तिचा हात थबकला. "उठत नाही म्हणजे?" मग ती डोळे बारीक करून बघायला लागली. "आणि माझं दुपटं निळं कधी झालं?"

"निळं कुठलं? पांढरंच आहे की."

आजीने हातातला तुकडा माझ्या पडद्याला लावला आणि पट्टी हळूहळू मागे आणायला लागली. मला काहीच समजेना. बाहेरचं कापड आणि आतलं दुपटं अगदी सारखं पांढरं दिसलं, तेव्हा ती थांबली. दुपटं पांढरं झालं होतं. बाळ पिवळं होतं.

"जावईबापू, त्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"अहो आई, तुमचा टॅब..."

"टॅबला आता काही बोलू नका. टॅबचं पिवळं मी काढून टाकलंय. उरलंय ते बाळाचं आहे. खोलीतला दिवा बंद करा आणि खिडकीचा पडदा उघडून दिवसाच्या उजेडात बघा हवं तर."

पडदा सरकल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "आई गं!" आणि कॉल बंद झाला.

कावीळ निघाली. चांगलीच वाढली होती, पण वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी दवाखान्यातून कॉल आला. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं बाळ दिव्याखाली निजलं होतं आणि नखशिखांत निळं दिसत होतं. मी घाबरलो. आता ही कुणाची चूक? माझी, भावाची, की माझी पट्टी परत कुणी सरकवली?

आजी एकीकडे रडत होती, एकीकडे हसत होती. "घाबरू नकोस रे," ती मलाच म्हणाली, "हा निळा खरा आहे. काविळीवरच्या औषधी दिव्याचा आहे."

आता बाळ रांगतं. आजीचा पाय बरा झाला. परवा जावई नवा कोरा टॅब घेऊन आला. "आई, याचा रंग अगदी बरोबर आहे. तो जुना देऊन टाका." आजीने मला पदराखाली घेतलं. "नव्याचं किती खरं धरायचं ते मला पहिल्यापासून शिकावं लागेल. याचं मला माहीत आहे."

म्हणून मी अजून इथेच आहे. माझं एवढंच मागणं आहे की माझ्या एकट्याच्या शब्दावर कुणी जाऊ नका. कॉल लागला की आजी आधी तो तुकडा माझ्या कडेला धरते, मग बाळाकडे बघते. बाळ खुदकन हसतं. कुठल्या रंगाचं हसतं ते मला अजूनही कळत नाही, पण तिला कळतं.